कानांचे कप्पे

माझे काका माणूस भेटला की आधी त्याचे कान बघायचे. चेहरा नंतर, आणि नाव तर बहुतेक वेळा लक्षातच राहायचं नाही. बसच्या रांगेत, दवाखान्यात, अगदी कुणाच्या मयताला गेले तरी हळूच बाजूला सरकून, मान जराशी तिरकी करून ते कुणाच्या तरी कानाचं निरीक्षण करत उभे असायचे. काकूला त्याची इतकी लाज वाटायची की ती दोन पावलं पुढे चालायची, जणू ह्या गृहस्थाशी आपली ओळखच नाही.

मला काकांचा राग येतो. आजही येतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द बोलले तर ते भिडेखातर बोलले असं कुणाला वाटायला नको.

त्यांचा फोटो स्टुडिओ होता. समारंभांचे फोटो ते काढत नसत. फक्त कागदपत्रांचे: पासपोर्ट, व्हिसा, परवाना, ओळखपत्र. पासपोर्ट कचेरीच्या अगदी समोर एका खोलीचं दुकान. पुढे काउंटर, मधे पांढरा पडदा आणि गोल स्टूल, पडद्यामागे कटर घेऊन बसलेली मी. माझे आईवडील मी नऊ वर्षांची असताना एका अपघातात गेले आणि त्या आठवड्यापासून काकाकाकूंनी मला सांभाळलं. त्यांचा स्वतःचा मुलगा, माझा चुलतभाऊ, शिकून परदेशी गेला तो तिकडचाच झाला. मी शाळा संपल्यावर सुट्टीपुरती फोटो कापायला बसले ती बसलेच. काकू माझं लग्न झालं त्याच वर्षी वारली.

व्हिसाचा फोटो परत येण्याची कारणं दोनच, हे काकांनी मला पहिल्या दिवशी शिकवलं. एक, माणूस हसला. दोन, कान झाकला.

"केस मागे घ्या बाई, कान दिसू दे," ते गिऱ्हाइकाला म्हणायचे. "तिकडे तुमचं तोंड कोण बघतंय?"

भिंतीला लागून त्यांचं एक लाकडी कपाट होतं, चाळीस कप्प्यांचं. काढलेल्या प्रत्येक फोटोची एक प्रत पाकिटात घालून ते त्या कपाटात ठेवायचे. पाकिटाच्या पाठीवर नाव, पत्ता, तारीख आणि कुठल्या देशासाठी फोटो काढला ते, सगळं बारीक, सुवाच्य अक्षरात. पण लावायचे मात्र नावावरून नाही, तारखेवरूनही नाही. कानांवरून. कप्प्यांवर चिठ्ठ्या होत्या: चिकट पाळी, लोंबती पाळी, वरून दुमड, पंखे, उंदरी, टोकदार. चाळिसाव्या कप्प्यावर नुसतं 'देव जाणे' असं लिहिलेलं होतं.

हा वेडेपणा वाटेल, पण त्यात हिशेब होता. पाच वर्षांनी माणूस जुना फोटो मागायला येतो तेव्हा पावती हरवलेली असते, तारीख आठवत नसते. बायकांचं आडनाव बदललेलं असतं, पुरुषांना टक्कल पडलेलं असतं, दाढी आलेली किंवा गेलेली असते, वजन तर सगळ्यांचंच वाढलेलं असतं. कान मात्र तोच असतो. काका काउंटरवरून डोकावून कान बघायचे, वळायचे, कप्पा ओढायचे आणि मिनिटाच्या आत पाकीट समोर टाकायचे. गिऱ्हाईक तोंडात बोट घालायचं. एकदा एका बाईंनी टाळ्या वाजवल्या. काका ना दारू प्यायचे ना तपकीर ओढायचे. ही वाहवा हेच त्यांचं एकमेव व्यसन होतं, आणि ते त्यांना दिवसातून तीनचारदा लागायचं.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे वॉर्डसभा. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी नगरपालिकेच्या सभागृहात वॉर्डाची सभा भरायची आणि काका सलग अठ्ठावीस वर्षं पहिल्या रांगेत. गटार, कचरा, नळाचं पाणी, खांबावरचे दिवे. हातात अर्जांची फाईल. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर दिवा लागावा म्हणून त्यांनी अकरा वर्षं अर्ज केले आणि शेवटी दिवा लागला. त्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना कोपऱ्यावर उभं करून खांब दाखवला. नगरसेवक त्यांना 'अर्जवाले' म्हणायचे आणि ते आले की घड्याळ बघायचे. काकांना त्याचं काही वाटत नसे. "मी प्रश्न विचारतो, त्यांना उत्तर द्यावं लागतं," ते म्हणायचे. "एवढ्यावर देश चालतो."

मग देश तसा चालेनासा झाला.

ते सगळं कसकसं झालं ते मी सांगत बसत नाही. वर्तमानपत्र वाचणाऱ्याला ठाऊक आहे, आणि न वाचणाऱ्याला सांगून उपयोग नाही. एका वर्षात दोन वर्तमानपत्रं बंद पडली. न्यायाधीश बदलले. आमच्या पलीकडच्या इमारतीतल्या प्राध्यापकाला सकाळी घेऊन गेले ते संध्याकाळी सोडलं, पण त्या दिवसापासून तो कुणाशी बोलेना. आणि आमच्या दुकानासमोर रांग लागली. देश बिघडला आणि आमचा धंदा सुधारला. डॉक्टर, नर्सा, वायरमन, संगणकवाले, नवराबायको, तान्ही मुलं. तान्ह्या मुलाचा कान दिसेल असा फोटो काढणं म्हणजे किती ताप असतो ते मलाच ठाऊक.

काका त्यांना स्टुलावर बसवून चक्क बोलणी सुनवायचे. "चाललात? जा, जा. हनुवटी वर. घर पेटलं की उंदीर आधी पळतात म्हणे. हलू नका. झालं." माणूस ओशाळा होऊन फोटो घेऊन जायचा. मी आतून म्हणायचे, "काका, गिऱ्हाईक आहे ते." ते म्हणायचे, "गिऱ्हाईक आहे म्हणून तर स्टुलावर बसवलं. नाहीतर दारातूनच हाकललं असतं." स्वतःच्या मुलाचं नावसुद्धा ते घेत नसत. 'आमचा पळपुटा' म्हणायचे, आणि हसत हसत म्हणत नसत.

आता माझ्या नवऱ्याचं सांगते. तो दात करायचा. म्हणजे कवळ्या. डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवायचे आणि हा त्याच्या लहानशा कारखान्यात मेणात दात लावायचा, तारा वाकवायचा, घासायचा, चकचकीत करायचा. काका त्याला मोठ्या मानानं 'जावईबापू' म्हणायचे आणि तितक्याच मानानं त्याची टर उडवायचे. "आमच्या घरात मी कान बघतो, जावईबापू दात बघतात. पोरीला पसंत करताना ह्यांनी काय बघितलं असेल देव जाणे." नवरा हसायचा. त्याला काका फार आवडायचे. त्याला लहानपणी वडील नव्हते, त्यामुळे कुणी मोठं माणूस कान धरणारं भेटलं की तो विरघळायचा. तेव्हा मला ते गोड वाटलं होतं.

चांगली कवळी करणारा माणूस कुठल्याही देशाला हवा असतो. दोन वर्षांपूर्वी त्याला परदेशातल्या एका मोठ्या लॅबचं पत्र आलं. नोकरी, दोघांचा व्हिसा, राहायला जागा. नव्वद दिवसांत कळवा. मी तर त्या दिवशी पत्र तीनदा वाचलं आणि लगेच कपाटावरची बॅग खाली काढून झटकली. खोटं कशाला बोलू, मला जायचं होतं. मला देशाचं प्रेम नव्हतं असं नाही, पण ज्या देशात माणूस सकाळी नेतात आणि संध्याकाळी नुसता सांगाडा परत करतात तिथं प्रेम करून करायचं काय? आमचे दोघांचे फोटो काकांनीच काढले. कागद भरले. शेवटचे सहा दिवस उरले होते.

तेव्हा काका जेवणाच्या टेबलाशी बसून जावईबापूंशी बोलले. माझ्याशी नाही. मी भांडी घासत होते आणि सगळं ऐकत होते.

"तुम्ही गेलात तर तुमच्या जागी कोण येणार?" काका म्हणाले. "कोणीच नाही. खुर्ची रिकामी. आणि रिकाम्या खुर्चीवर त्यांचाच माणूस बसतो. हे लोक बंदुकीनं जिंकत नाहीत हो जावईबापू, हे रिकाम्या खुर्च्यांनी जिंकतात."

"पण काका, इथं राहून मी करणार काय? मी दात करतो."

"मी फोटो काढतो. शनिवारी सभेला येतो. तेवढं करा. तुम्हाला कोण तुरुंगात जायला सांगतंय?"

मी हात पुसून बाहेर आले. "काका, तुमचं वय झालंय. आमचं अजून सगळं व्हायचंय."

"म्हणूनच सांगतोय," ते म्हणाले. "तुला नऊ वर्षांची घेऊन आलो तेव्हा मी म्हटलं नाही, कशाला उगाच अडकायचं. अडकलो. अडकणं म्हणजेच घर, पोरी."

काही उपकार असे असतात की ते एकदाच वापरता येतात, आणि काकांनी ते त्या दिवशी वापरले. नवऱ्यानं लॅबला नकार कळवला. आमचे न वापरलेले फोटो काकांनी पाकिटात घालून कपाटात लावले. माझा 'चिकट पाळी'त, त्याचा बहुतेक 'वरून दुमड'मध्ये. मी लक्ष दिलं नाही, मी आठवडाभर कुणाशी बोलत नव्हते.

नवरा सभेला जाऊ लागला. चार महिन्यांत नगरपालिका बरखास्त झाली. सभागृहाच्या दाराच्या कडीला तार गुंडाळून तिला शिशाचं सरकारी सील ठोकलं. कुलूप लावायचीही तसदी घेतली नाही. सील आहे म्हटल्यावर हात कोण लावणार? पहिल्या शनिवारी काका फाईल घेऊन गेले आणि सभा बाहेर पायऱ्यांवर भरवली. अकरा माणसं आली. पुढच्या महिन्यात एकोणीस. त्या पुढच्या महिन्यात कडाक्याची थंडी पडली, वाऱ्यानं कागद उडून जात होते, म्हातारी माणसं कुडकुडत होती, आणि माझ्या नवऱ्याच्या डोक्यात आलं की हे फार झालं.

त्या सकाळी तो सगळ्यांच्या आधी गेला. कानटोपी, तोंडाभोवती मफलर. कवळीची तार कापायची त्याची छोटी पक्कड खिशात होतीच. खाली वाकला, एका क्षणात तार कापली, दार ढकललं आणि आत जाऊन बसला. काका नऊ वाजता आले. दार उघडं! "कोणी उघडलं?" त्यांनी विचारलं. "उघडंच होतं," नवरा म्हणाला. काकांनी फार खोलात शिरायचं नाही असं ठरवलं असावं. ते त्यांच्या पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसले, खुर्चीचा हात चाचपून बघितला आणि चाळीस मिनिटं गटारावर बोलले. घरी आले तेव्हा इतके खुशीत होते की दोनदा चहा प्याले.

मला नवऱ्यानं खरं सांगितलं होतं. काकांना सांगायचं नाही असं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. काका अर्ज करणारे. सरकारी सील तोडणं त्यांच्या पचनी पडलं नसतं; भोळेपणानं स्वतःच जाऊन माफीचा अर्ज दिला असता. आम्ही त्यांना सांगितलं असतं तर पुढचं घडलं नसतं. हा माझा वाटा. तो मी कुणाच्या गळ्यात मारत नाही.

महिन्याभरानं, एका दुपारी, दुकानात एक तरुण माणूस आला. साधा शर्ट, पायात स्वच्छ बूट, बोलणं अगदी मऊ. मी पडद्यामागे कटरवर होते. त्यानं फोटो काढून घेतला नाही. तो म्हणाला की तो सरकारी ओळख विभागात काम करतो, त्याला फोटोग्राफीची आवड आहे, आणि काकांची ख्याती त्यानं ऐकली आहे.

"कसली ख्याती?" काका म्हणाले. आवाजातच कळलं की स्वारी फुलली.

"कानांची. आमच्याकडे यंत्र आहे, काका. सगळ्या देशाचे चेहरे त्यात भरलेत. पण नुसत्या कानावरून त्याला सांगता येत नाही. ते अडलंय. माझे साहेब म्हणाले, यंत्राला जमत नाही ते माणसाला काय जमणार?"

"तुमच्या साहेबांना काय कळतंय? बघू."

काउंटरवर कागद ठेवल्याचा आवाज आला. नंतर कळलं, खेळायच्या पत्त्याएवढा फोटोचा एक तुकडा होता. एक कान, थोडासा जबडा, बाकी लोकर. वाकल्यामुळे कानटोपी वर सरकली होती तेवढ्यात खांबावरच्या कॅमेऱ्यानं टिपलेला. कुणाचा आहे, कुठला आहे, कशाला हवाय, हे त्या माणसानं सांगितलं नाही. आणि काकांनी विचारलं नाही. अठ्ठावीस वर्षं दर महिन्याला सगळ्या गावासमोर उठून प्रश्न विचारणाऱ्या माणसानं तो एक प्रश्न विचारला नाही.

"हलला आहे," काका म्हणाले. "पण वरची दुमड बघा, खालपर्यंत येऊन थांबली आहे. हा मी काढलाय. नक्की काढलाय. थांबा."

कप्पा ओढल्याचा आवाज आला. पाकिटं चाळल्याचा. माझ्या हातात कटर होता आणि मी हसत होते, हे मला विसरता येत नाही. म्हाताऱ्याचा खेळ चाललाय, मनात म्हणत होते.

"हे बघा! मिनिटसुद्धा लागलं नाही. सांगा तुमच्या यंत्राला."

मग काहीच आवाज आला नाही. मी बाहेर आले. काउंटरवर माझ्या नवऱ्याचा व्हिसाचा फोटो होता, न हसणारा, दोन्ही कान नीट दिसणारा. तो तरुण पाकिटाची पाठ वाचत होता. काकांचा हात तसाच पुढे आलेला, आणि चेहरा असा की त्यांना ते पाकीट परत कप्प्यात घालायचंय पण हात उचलत नाही.

"चूक झाली," काका म्हणाले. "हा नाही. मला हल्ली नीट दिसत नाही."

"अक्षर फार सुंदर आहे तुमचं," तो म्हणाला. पाकीट खिशात घातलं, नमस्कार केला आणि गेला.

मी धावत कारखान्यात गेले. त्या तरुणाचा फोन माझ्या पायांच्या आधी पोचला होता; नवऱ्याला घेऊन गेले होते. टेबलावर मेण अजून मऊ होतं आणि अर्धे लावलेले दात तसेच पडले होते.

काका ओळख विभागात गेले. एकदा नाही, सात वेळा. माझी नजर अधू झाली आहे, माझी ओळख ग्राह्य धरू नये, असे अर्ज दिले. तो तरुण दर वेळी त्यांना खुर्ची द्यायचा. शेवटी म्हणाला, "काका, कशाला हेलपाटे घालता? आता यंत्रही तेच म्हणतंय. एकदा नाव कळलं की त्याला सोपं जातं." आठव्या दिवशी सकाळी चार माणसं येऊन ते कपाट उचलून घेऊन गेली. चाळीसच्या चाळीस कप्पे. किती घरांत त्यातून आग लागली मला माहीत नाही. पण दुकानासमोरची रांग संपली. कुणी दगड मारला नाही, भिंतीवर काही लिहिलं नाही. नुसते यायचे बंद झाले, आणि समोरून जाताना बायका डोक्यावरचा रुमाल कानांवर ओढून घेऊ लागल्या.

नवऱ्याला सहा वर्षांची शिक्षा झाली. गुन्हा तार कापल्याचा नव्हता, राज्याविरुद्ध कट केल्याचा होता. निकालपत्रात 'तांत्रिक ओळख' एवढाच शब्द आला. म्हणजे यंत्रानं ओळखलं असं तो समजला, आणि अजून तेच समजतो.

पंधरा दिवसांतून एकदा भेट मिळते, फक्त बायकोला, वीस मिनिटं, मधे जाळी. काका दर वेळी माझ्याबरोबर यायचे. त्यांना आत सोडत नसत, तरी यायचे. पहाटे उठून रांगेत नंबर लावायचे, माझ्या हातातली पिशवी घ्यायचे, तीन तास माझ्या शेजारी उभे राहायचे. मी त्यांच्याशी एक शब्द बोलत नसे. भेटून बाहेर आले की ते एवढंच विचारायचे, "सांगितलंस?" मी मान हलवायचे, नाही. "मी चिठ्ठी लिहून देऊ का?" मी पुन्हा नाही म्हणायचे. त्यांना वाटायचं मी त्यांना वाचवते आहे. मी कुणाला वाचवत नव्हते. जाळीपलीकडचा माणूस दर भेटीत बारीक होत होता. एवढं एक माणूस आपलं आहे असं त्याला वाटत होतं, ते काढून घ्यायला माझी जीभ रेटली नाही.

ह्या वसंतात चुलतभावाचा फोन आला. त्यानं वडिलांसाठी कागद केले होते. काका एक महिना घुम्यासारखे बसून राहिले, आणि मग एका सकाळी पडद्यासमोरच्या स्टुलावर येऊन बसले. मला वाटलं पाय दुखतायत. "काढ," ते म्हणाले. मी कॅमेरा लावला आणि काढला. एका झटक्यात झाला. त्यांना कसं बसायचं ते सांगावं लागलं नाही.

प्रिंट सुकत होती तेव्हा ते म्हणाले, "तू राहा म्हणालीस तर मी नाही जाणार."

मला त्या क्षणी ओरडावंसं वाटलं. मी जायला निघाले होते तेव्हा मला कुणी विचारलं होतं? आता माझा नवरा आत आहे, माझ्या नावापुढे त्याचं कलम लागलंय, मला ह्या जन्मात पासपोर्ट मिळणार नाही. राहण्यात माझा काही पराक्रम नाही. मला राहावं लागतंय. आणि ज्यानं खुर्च्या रिकाम्या ठेवू नका म्हणून आमचं आयुष्य खुर्चीला बांधलं तो स्टुलावर बसून माझ्याकडे परवानगी मागतोय.

"जा," मी म्हटलं. "तुमचं इथं काय अडलंय?"

त्यांनी मान डोलावली. त्यांना बहुतेक काहीतरी दुसरं ऐकायचं होतं. ते काय, हे मला चांगलं ठाऊक होतं, कारण ते माझ्याजवळ होतं.

त्याच्या आधीच्याच भेटीत नवरा जाळीला कपाळ टेकून म्हणाला होता, "काकांना एक सांगशील? म्हणावं, तुम्ही थांबवलंत ते बरं केलंत. तिकडे असतो तर रोज बातम्या वाचून स्वतःची घाण वाटली असती. त्या दिवशी काका खुर्चीवर बसून बोलले ना, ते मी रोज आठवतो. त्यावर दिवस जातो माझा. एवढं नक्की सांग, ते मनाला लावून घेत असतील."

मी बाहेर आले तेव्हा काका फाटकाशी पिशवी घेऊन उभे होते. "काही म्हणाला?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

मी स्वतःची समजूत घालायचा प्रयत्न केला आहे. तो निरोप ज्या काकांसाठी होता ते काका आता नाहीतच. ज्याला खरं माहीत नाही त्यानं केलेली माफी ती कसली माफी. उलट ती ऐकून म्हातारा आणखी खचला असता. सगळं पटण्यासारखं आहे. पण खरं सांगायचं तर मी तो निरोप सूड म्हणून दाबून ठेवला. सगळ्यांनी माझ्या हातातलं सगळं काढून घेतलं, एवढं एक माझ्या मुठीत राहिलं आणि मी मूठ उघडली नाही. काका त्याशिवाय विमानात बसले.

आता भेटीच्या रांगेत मी एकटी उभी असते. नंबर लावायला मलाच पहाटे उठावं लागतं, आणि खरं म्हणजे पिशवी बरीच जड होते. दर रविवारी सकाळी काकांचा फोन येतो. तिकडची थंडी, सुनेचा स्वभाव, गुडघे, सगळं सांगतात. मला माहीत असतं आता काय येणार.

"तो काही म्हणतो का गं, माझ्याबद्दल?"

"नाही," मी म्हणते.

"बरं," काका म्हणतात. आणि तरीही पुढच्या रविवारी पुन्हा फोन करतात.